बघे आणि साक्षीदार : दोन चित्रपटांच्या निमित्ताने

वडोदरा शहराच्या उत्तर भागात समा आणि निझामपुरा ह्या दोन वस्त्या एकमेकींना लागून आहेत. निझामपुऱ्यातील एका लहानशा घरात एक पारशी वृद्धा अनेक वर्षे एकट्याच राहत होत्या. झाडांची निगा राखावी, घरातील कामे स्वतःच्या हातांनी करावीत, कोणावर आपला भार पडू देऊ नये, असा त्यांचा शिरस्ता होता. १५ जानेवारी २०१२ रोजी वयाच्या ९८ व्या वर्षी वडोदऱ्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचे नाव होमाई व्यारावाला. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांची नोंद झालेली आहे आणि २०११ मध्ये राष्ट्राने त्यांना पद्मविभूषण देऊन गौरविले आहे. मी समा येथे सेवेसाठी आलो तो त्यांच्या निधनानंतर. आज येथील तरुणांना हे नाव विचारले, तर ते सांगू शकणारे फार थोडे भेटतात.

प्रस्तुत लेखाचे निमित्त मात्र दूरदेशीचे आहे. आमच्या युवक मंडळाने एका संध्याकाळी ‘ली’ हा इंग्रजी चित्रपट पाहिला. दुसऱ्या महायुद्धात रणभूमीवर जाऊन छायाचित्रे घेणाऱ्या ली मिलर ह्या स्त्रीचे ते चरित्र आहे. चित्रपटानंतरच्या चर्चेत परिचारिकेचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीने विचारले, “फादर, त्या माणसांचे असे फोटो काढण्याचा अधिकार हिला कोणी दिला?” मी प्रश्न इतरांकडे सोपविला, कारण माझ्याजवळ उत्तर नव्हते. उत्तर नसण्याचे एक खाजगी कारणही होते. ते लेखाच्या शेवटी सांगेन.

त्या प्रश्नाच्या शोधात मी दुसरा एक चित्रपट पाहिला. सबीना गडीहोक ह्यांचा ‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा १९९८ चा माहितीपट. त्यात आपल्या ह्या शेजारीण होमाईबाई आहेत. हे दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहिले असता काय दिसते, ते येथे मांडावयाचे आहे. मराठीत ‘बघ्याची भूमिका घेणे’ असा एक वाक्प्रचार आहे आणि ‘साक्ष देणे’ असा दुसरा. बघ्याला डोळे असतात, साक्षीदारालाही असतात. मग फरक कोठे पडतो? आपण धर्मगुरू आणि धर्मशिक्षक दुःखी माणसांच्या घरी नित्य जाणारे असल्यामुळे हा प्रश्न आपल्याला टाळता येण्यासारखा नाही.

१. ‘ली’ : पाहणाऱ्या डोळ्याची जखम

‘ली’ हा चित्रपट सप्टेंबर २०२३ मध्ये टोरोंटोच्या महोत्सवात प्रथम दाखविला गेला. दिग्दर्शिका एलन क्युरस ह्यांची ही पहिलीच कथा-चित्रकृती असली, तरी छायालेखिका म्हणून त्यांचा हात अनेक वर्षांचा मुरलेला आहे. मुख्य भूमिका केट विन्स्लेट ह्यांनी केली आहे. आधार आहे तो लीचा मुलगा अँटनी पेनरोझ ह्याने १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राचा.

ली मिलरचा जन्म १९०७ चा, अमेरिकेतला. तारुण्यात ती फॅशनच्या मासिकांतून झळकणारी मॉडेल होती. पुढे पॅरिसमध्ये मॅन रे ह्या कलावंताच्या सहवासात ती कॅमेऱ्याच्या पलीकडे गेली आणि स्वतः छायाचित्रकार झाली. युद्ध सुरू झाले तेव्हा ती लंडनमध्ये होती. ‘व्होग’ ह्या स्त्रियांच्या मासिकाची वार्ताहर म्हणून तिने अमेरिकन सैन्याकडून परवाना मिळविला आणि १९४४ मध्ये ती फ्रान्समध्ये उतरली. स्त्री वार्ताहरांना प्रत्यक्ष लढाईच्या जागी जाण्याची परवानगी नव्हती. लढाई संपली आहे अशा समजुतीने तिला सेंट मालो ह्या गावी पाठविण्यात आले. तेथे वेढा अद्याप चालूच होता. ती तेथेच राहिली आणि छायाचित्रे घेत राहिली. १९४५ च्या एप्रिलमध्ये बुखनवाल्ड आणि दाखाऊ येथील छळछावण्यांत ती पोहोचली.

चित्रपटाचे बळ त्याच्या संयमात आहे. विन्स्लेट ह्यांनी लीला साध्वी केलेले नाही. ती पिते, भांडते, उर्मटपणे बोलते, परंतु कॅमेरा हाती आला की तिची मुद्रा पालटते. मुक्त झालेल्या फ्रान्समध्ये जर्मनांशी संबंध ठेवल्याच्या आरोपावरून तरुण स्त्रियांची मुंडणे होत आणि भोवती जमाव हसत उभा असे. ते दृश्य येथे पाहावयास मिळते. जमाव आपल्याच बाजूचा आहे, विजयी आहे, आणि तरीही ली त्याच्या आनंदात सामील होऊ शकत नाही. बघे आणि साक्षीदार ह्यांतील भेदाची पहिली रेघ चित्रपटाने येथे स्पष्ट ओढली आहे.

दुसरे उदाहरण लीच्या प्रत्यक्ष छायाचित्रांतील आहे. दाखाऊ येथे प्रेतांनी भरलेली एक रेल्वेगाडी सैनिकांना आढळली. बहुतेकांनी तिची छायाचित्रे बाहेर उभे राहून घेतली. ली डब्याच्या आत शिरली आणि तिने आतून बाहेर कॅमेरा धरला. त्यामुळे त्या चित्रात मृतांच्या पलीकडे, दाराशी उभे राहून आत पाहणारे सैनिक दिसतात. पाहणारेच पाहिले जातात. चित्र पाहताना आपण मृतांच्या बाजूला असतो आणि जिवंत माणसे आपल्याकडे काय चेहरा करून पाहतात ते आपल्याला सोसावे लागते. मला वाटते, त्या मुलीच्या प्रश्नाला लीने दिलेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. ती बाजू बदलून उभी राहिली.

३० एप्रिल १९४५ रोजी, दाखाऊ पाहून आल्यानंतर, ली आणि तिचा सहकारी डेव्हिड शर्मन म्युनिकमधील हिटलरच्या घरात शिरले. तेथील न्हाणीघरात, हिटलरच्या टबात बसलेल्या लीचे शर्मनने घेतलेले छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. टबासमोरील स्वच्छ पायपुसण्यावर तिचे बूट आहेत आणि त्यांना दाखाऊचा चिखल लागलेला आहे. त्याच दिवशी बर्लिनमध्ये हिटलरने आत्महत्या केली. चित्रपटाने हा प्रसंग उथळ विजयोत्सव होऊ दिलेला नाही. पाणी अंगावर घेतले तरी काही धुतले जात नाही, एवढेच तेथे कळते.

आता चित्रपटाचे उणे सांगितले पाहिजे. सबंध कथा एका मुलाखतीच्या चौकटीत बसविली आहे. वृद्ध ली, तिच्यासमोर एक तरुण, मध्ये विखुरलेली छायाचित्रे. अखेरीस उलगडते की, तो तरुण तिचा मुलगा आहे आणि हे संभाषण प्रत्यक्षात कधी घडलेलेच नाही. आई १९७७ मध्ये वारल्यानंतर घराच्या माळ्यावर तिच्या निगेटिव्ह, छापे व कागदपत्रे सापडली, आणि ज्या आईशी आपले कधी जमले नाही ती कोण होती, हे मुलाला तेव्हा प्रथम उमगले. ही हकीकत हृदयस्पर्शी आहे ह्यात शंका नाही. ब्रिटिश ‘व्होग’ने छावण्यांची चित्रे छापण्यास कचरावे आणि लीने संतापून निगेटिव्ह कातरीने कापावीत, हा प्रसंगही ह्याच ओघात येतो. अमेरिकन आवृत्तीने मात्र जून १९४५ मध्ये तिची छायाचित्रे छापली.

परंतु ह्या चौकटीची एक किंमत द्यावी लागली आहे. जो साक्ष देतो त्याचीच कथा सांगता सांगता, ज्यांच्याविषयी साक्ष द्यावयाची ते मागे पडले आहेत. प्रेक्षक उठतो तेव्हा त्याच्या मनात लीची वेदना असते, तिचे बालपणीचे दुःख असते, आई आणि मुलगा ह्यांच्यात न झालेले बोलणे असते. दाखाऊच्या डब्यातील माणसे मात्र त्या कौटुंबिक समेटाकडे जाणारी वाट होऊन बसतात. डब्याच्या आत शिरणाऱ्या स्त्रीचे चरित्र सांगणारा हा चित्रपट स्वतः मात्र डब्याच्या बाहेर उभा राहून तिच्याकडे पाहतो. चरित्रपटाचा हा जातिधर्म आहे असे कोणी म्हणेल. तरी आपल्या प्रश्नाचे उत्तर येथे अर्धेच मिळते, एवढे नमूद केले पाहिजे.

२. होमाईबाई : अंतर राखणारा डोळा

होमाईबाईंचा जन्म ९ डिसेंबर १९१३ रोजी नवसारीस झाला. वडील फिरत्या पारशी-उर्दू नाटक मंडळीतील नट होते. शिक्षण मुंबईत झाले, त्यात जे. जे. कलाशाळेचाही समावेश होता. छायाचित्रण त्या माणेकशा व्यारावाला ह्यांच्याकडून शिकल्या, आणि पुढे त्यांच्याशीच त्यांचा विवाह झाला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये त्यांची पहिली चित्रे छापून आली तेव्हा प्रत्येक चित्रास एक रुपया मिळाला.

युद्ध सुरू झाल्यावर त्यांची चित्रे ‘इलस्ट्रेटेड वीकली ऑफ इंडिया’त येऊ लागली, परंतु माणेकशांच्या नावाने. नवशिक्या स्त्रीचे नाव कोणी मनावर घेणार नाही, असा तो काळ होता. मुंबई रणभूमी नव्हती हे खरे, परंतु युद्ध घरोघर पोहोचले होते, आणि त्या घराकडील बाजूची चित्रे ह्या पारशी तरुणीने टिपली. ली मिलरने तोफांचा मारा पाहिला. होमाईबाईंनी तोफेच्या पल्ल्याबाहेरील माणसे युद्धाने कशी बदलतात ते पाहिले. दोघी समकालीन होत्या. दोघींच्या हाती रोलीफ्लेक्स हा कॅमेराही होता. हा कॅमेरा छातीशी धरावा लागतो आणि वरच्या काचेत चित्र पाहण्यासाठी मान खाली घालावी लागते. समोरच्या माणसाच्या तोंडावर यंत्र रोखले जात नाही.

१९४२ मध्ये व्यारावाला दांपत्य ब्रिटिश माहिती खात्याच्या नोकरीसाठी दिल्लीस गेले. नोकरी सांभाळून बाहेरची कामे करण्याची मुभा होती. साडी नेसून, सायकलवर बसून, अवजड सामान खांद्यावर घेऊन ही बाई दिल्लीच्या राजकीय वर्तुळात वावरू लागली. जून १९४७ मध्ये फाळणीच्या योजनेवर काँग्रेसच्या नेत्यांनी हात उंचावून दिलेला कौल त्यांनी टिपला. स्वातंत्र्याचे सोहळे, माउंटबॅटन ह्यांचे प्रस्थान, गांधीजींची अंत्ययात्रा, १९५६ मध्ये नथू ला खिंडीतून भारतात येणारे तरुण दलाई लामा, आणि वर्षानुवर्षे पंडित नेहरू, हा सारा काळ त्यांच्या कॅमेऱ्यापुढून गेला. पुढे त्या ‘डालडा १३’ ह्या टोपणनावाने ओळखल्या जाऊ लागल्या. जन्मवर्ष १९१३, पतीची पहिली भेट वयाच्या तेराव्या वर्षी, आणि मोटारीचा क्रमांक डीएलडी १३, असा त्या नावाचा गंमतीदार उगम आहे.

त्या काळच्या स्पीड ग्राफिकसारख्या वृत्तपत्री कॅमेऱ्यात फिल्मचा एकेक सुटा ताव घालावा लागे आणि फ्लॅशचा दिवा एकदा पेटला की टाकून द्यावा लागे. त्यामुळे प्रत्येक चित्राआधी थांबणे, वाट पाहणे, निवड करणे भाग असे. ह्या तांत्रिक मर्यादेतून एक शिष्टाचार जन्मास आला होता. छायाचित्रकाराने नेटका पोशाख करावा, अंतर राखावे, समोरच्याची अप्रतिष्ठा होईल असा क्षण टिपू नये. होमाईबाईंना हा शिष्टाचार मनापासून मान्य होता. पुढे नव्या पिढीतील धक्काबुक्की आणि हावरेपणा पाहून त्यांचे मन विटले. १९६९ मध्ये माणेकशा वारले आणि १९७० मध्ये त्यांनी कॅमेरा खाली ठेवला, तो कायमचा. मुलाबरोबर त्या प्रथम पिलानीस आणि १९८२ मध्ये वडोदऱ्यास आल्या. १९८९ मध्ये तो एकुलता एक मुलगाही कर्करोगाने गेला.

त्यांच्या आयुष्यातील एक खंत येथे सांगितली पाहिजे. ३० जानेवारी १९४८ रोजी त्या बिर्ला भवनातील प्रार्थनासभेस जाण्यासाठी निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, असे म्हणून पतीने त्यांना परत बोलाविले. तो उद्या आलाच नाही. गांधीजींच्या हत्येच्या वेळी आपण तेथे नव्हतो, हे शल्य त्यांनी पुढे वारंवार बोलून दाखविले. त्याच संध्याकाळी बिर्ला भवनात दुसरी एक स्त्री पोहोचली होती. महायुद्धात बाँबफेकी विमानातून उड्डाण केलेली अमेरिकन छायाचित्रकार मार्गारेट बर्क-व्हाइट. ॲटनबरो ह्यांच्या १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटात कँडिस बर्गन ह्यांनी तिचे काम केले आहे, त्यामुळे अनेक वाचकांना ती आठवेल. त्या दिवशी काही तास आधीच ती गांधीजींची मुलाखत घेऊन गेली होती. हत्येनंतर ती कॅमेरा लपवून मृतदेहाच्या खोलीत शिरली, फ्लॅश उडाला, शोकमग्न माणसे संतापली आणि तिला बाहेर काढण्यात आले, अशी हकीकत तिच्या चरित्रात आली आहे.

एक स्त्री तेथे नव्हती म्हणून जन्मभर हळहळली. दुसरी होती, परंतु तिचे असणे त्या घरातील शोकाला सहन झाले नाही. इतिहास दुसरीचा अधिक ऋणी असतो, असे कोणी म्हणेल, आणि ते सर्वस्वी चूक म्हणता येणार नाही. दाखाऊत कोणी अंतर राखून बाहेरच थांबले असते तर जगाने ते मानलेच नसते. तरीही शोकाच्या खोलीत उजेड पाडण्यापूर्वी आत बसलेल्यांना विचारावे लागते, हे आपल्यासारख्यांना, ज्यांना त्या खोलीत आदराने बोलाविले जाते, अधिक चांगले ठाऊक असावयास हवे.

३. माहितीपट : तीन उत्तरे

‘थ्री विमेन अँड अ कॅमेरा’ हा ५६ मिनिटांचा माहितीपट होमाईबाईंबरोबर आणखी दोघींना घेतो. शीबा छाछी आणि दयानिता सिंग. तीन पिढ्या, तीन भूमिका. तीन आयुष्ये एवढ्या वेळात मावणे कठीण आहे, त्यामुळे कोणाविषयीच पुरते समाधान होत नाही, हा त्याचा उघड दोष. परंतु एकाच चरित्रनायिकेभोवती न फिरल्यामुळे त्याला एक गोष्ट साधली आहे, जी ‘ली’ला साधलेली नाही. येथे कोणीही शेवटचा शब्द बोलत नाही. एकीच्या उत्तरातून दुसरीचा प्रश्न निघतो.

होमाईबाईंचे उत्तर आपण पाहिले. अंतर राखा, प्रतिष्ठा जपा. ह्या उत्तराची मर्यादाही त्यांच्या चित्रसंग्रहातच दिसते. त्यांची गाजलेली चित्रे बव्हंशी सत्तेच्या आणि समारंभाच्या जगातील आहेत. जिने आणि सभागृहे, पाहुणे आणि पुष्पहार. ज्या वर्षी हात उंचावून फाळणीचा कौल दिला गेला त्या वर्षी त्या हातांनी ज्यांचे नशीब ठरले ती माणसे त्या जगाच्या बाहेर रस्त्यावर होती. प्रतिष्ठितांची प्रतिष्ठा जपणे तुलनेने सोपे असते. ज्याच्याजवळ घरच उरलेले नाही त्याची प्रतिष्ठा कॅमेऱ्याने कशी जपावी, हा अवघड प्रश्न तसाच राहतो. असे म्हणण्यात होमाईबाईंचा अनादर नाही. कॅमेऱ्याचा वापर विटाळला असे वाटताच प्रसिद्धीच्या शिखरावरून मुकाट्याने उतरणारी व्यक्ती आदरासच पात्र आहे.

शीबा छाछी १९८० च्या दशकात दिल्लीतील स्त्रीचळवळीत स्वतः होत्या आणि हुंडाबळींविरुद्धच्या मोर्चांची छायाचित्रे घेत होत्या. तेथे अंतराचा प्रश्नच नव्हता, कारण त्या आपल्याच बायकांमध्ये उभ्या होत्या. तरी पुढे त्यांना जाणवले की, मूठ उगारलेल्या स्त्रीचे चित्र पाहता पाहता एक चिन्ह बनते आणि ती बाई त्यातून नाहीशी होते. म्हणून ‘सेव्हन लाइव्ह्ज अँड अ ड्रीम’ ह्या मालिकेत त्यांनी चळवळीतील त्याच स्त्रियांना विचारले : तुमचे चित्र कोठे घ्यावे, तुम्ही कशा बसाल, जवळ काय ठेवाल? प्रत्येकीने आपली जागा, आपली बैठक, आपल्या वस्तू स्वतः निवडल्या. छायाचित्र दोघींनी मिळून केले.

दयानिता सिंग ह्यांची वाट निराळी. परदेशी नियतकालिकांसाठी भारताचे दैन्य टिपण्याचे काम त्यांच्याकडे येत असे. ह्या मागणीला त्या कंटाळल्या आणि त्यांनी कॅमेरा स्वतःच्या वर्गाकडे, दिवाणखान्यातील सुस्थित कुटुंबांकडे वळविला. दुसऱ्याच्या दुःखाकडे पाहण्याचा जो हक्क आपण गृहीत धरतो तो स्वतःवर चालवून पाहावा, असा त्याचा अर्थ मला लागला.

तिन्ही उत्तरे एकत्र ठेवली की त्या मुलीच्या प्रश्नाचे रूप पालटते. अधिकार कोणी दिला, ह्याचे उत्तर मासिक, सरकार वा इतिहास ह्यांपैकी कोणी देऊ शकत नाही. तो ज्याचे चित्र घ्यावयाचे त्याच्याकडूनच यावा लागतो. आणि जेथे तो विचारता येत नाही, जेथे समोरचा मृत आहे, तेथे निदान त्याच्या बाजूला जाऊन उभे राहावे लागते, जशी ली त्या डब्यात उभी राहिली.

४. तिघांनी पाहिले

‘साक्षी’ ह्या शब्दात ‘अक्षि’ म्हणजे डोळा आहे. जो डोळ्यांसह तेथे होता तो साक्षी. ग्रीक भाषेत साक्षीदाराला जो शब्द आहे त्याच शब्दापासून पुढे हुतात्मा ह्या अर्थाचा शब्द निघाला. पाहिलेल्याची किंमत मोजणे हा अर्थ त्यात आपोआप आला. लूकच्या शुभवर्तमानातील चांगल्या शोमरोन्याचा दाखला आपण किती वेळा समजावून सांगितला असेल! पण मूळ ग्रीक संहितेत एक गोष्ट लक्षात येण्याजोगी आहे. याजक, लेवी आणि शोमरोनी ह्या तिघांच्याही बाबतीत ‘पाहून’ हे एकच क्रियारूप वापरले आहे. वाटेवर पडलेला माणूस तिघांनाही सारखाच दिसला. दृष्टीत काही कमी नव्हते. दोघे पाहून दुसऱ्या बाजूने गेले आणि एक पाहून जवळ आला. बघ्या आणि साक्षीदार ह्यांतील भेद डोळ्यांत नसून त्यानंतरच्या पावलात आहे. आणि ते दोन बघे कोणत्या व्यवसायाचे होते, हे आपण आपल्या प्रवचनातून फारसे ताणून सांगत नाही.

५. आपल्या हातातील कॅमेरा

आता ते खाजगी कारण. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला मोठा पूर आला. समा आणि आसपासच्या वस्त्यांत घरांतून पाणी शिरले, आणि नदीतील मगरी वस्तीत आल्याच्या बातम्या सर्वदूर गेल्या. पाणी ओसरल्यावर आम्ही धान्याच्या पिशव्या वाटल्या. मदत पाठविणाऱ्यांना अहवाल द्यावयाचा होता, म्हणून मी एका स्वयंसेवकास फोटो घेण्यास सांगितले. एका म्हातारीला मी पिशवी देत असताना तिने पदर तोंडावर ओढला. स्वयंसेवक थांबला. मीच म्हणालो, “आजी, जरा इकडे बघा.” आजींनी पदर बाजूला केला आणि पाहिले. चित्र उत्तम आले. माझा चेहरा त्यात प्रेमळ दिसतो.

तो फोटो अहवालात गेला. कोणी आक्षेप घेतला नाही. असे फोटो आपण सर्वच काढतो. आपल्या धर्मग्रामांच्या भिंतींवर ते लागलेले असतात. शिलाई यंत्र घेणारी विधवा, गणवेश घेणारे मूल, घोंगडी घेणारा कुष्ठरोगी. देणाऱ्याला विश्वास वाटावा म्हणून हे करावे लागते, हे कारणही खोटे नाही. परंतु पिशवीच्या मोबदल्यात तिच्याजवळ जे एकच उरले होते, म्हणजे तोंड झाकण्याची मोकळीक, ते मी मागून घेतले. तिला ‘नाही’ म्हणणे शक्य नव्हते, कारण पिशवीचे दुसरे टोक माझ्या हातात होते.

हे दोन्ही चित्रपट पाहून झाल्यावर मी आजींची क्षमा मागावयास गेलो. मनात वाक्ये जुळविली होती. दारात बसवून त्यांनी माझे सारे ऐकून घेतले. त्यांना फोटो आठवतच नव्हता. थोडा वेळ विचार करून त्या म्हणाल्या, “ते राहू द्या हो फादर. गादी कुजली आहे, तिचं काही होईल का?”

‘ली’ ह्या चित्रपटाचा जो दोष मी वर मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला, तोच माझ्या पश्चात्तापात होता, हे मला त्या दारात कळले. मी माझ्या डोळ्याची जखम घेऊन गेलो होतो. आजी ओल्या गादीवर निजत होत्या. संवेदनशील माणसाला आपल्या संवेदनेचेच कौतुक वाटू लागणे, हाही बघेपणाचाच एक प्रकार आहे, आणि प्रवचनकारांना तो विशेष जडतो.

गादी दिली. अहवालातील ते पान बदलून घेतले. आमच्या मंडळाने आता एवढा नियम केला आहे की, मदत देताना फोटो घ्यावयाचा नाही. अहवालासाठी चित्र हवेच असेल, तर वाटप संपल्यावर, दुसऱ्या दिवशी, रिकाम्या हाताने जाऊन विचारावयाचे, आणि माणूस ‘नको’ म्हणाला तर धान्याच्या हिशोबाचा कागद पाठवावयाचा. हा नियम अपुरा आहे. दुसऱ्या दिवशीही आपण देणारेच असतो आणि समोरच्याला ते ठाऊक असते. आपल्यापैकी कोणी ह्याहून बरी रीत पाडली असेल, तर ह्या पानांतून ती सर्वांना कळवावी, अशी विनंती आहे.

दोन्ही चित्रपट धर्मशिक्षकांच्या अभ्यासवर्गात दाखविण्याजोगे आहेत. ‘ली’ प्रौढांसाठीच ठेवावा, कारण त्यातील काही दृश्ये कोवळ्या मनास झेपणारी नाहीत. दोन्ही दाखविणे शक्य असेल तर आधी ‘ली’ दाखवावा आणि नंतर माहितीपट. उलट क्रमाने दाखविल्यास लीच्या आवेगापुढे होमाईबाईंचा शांत स्वर ऐकू येणार नाही. आणि चर्चेस आरंभ करण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या खिशातील फोन काढून, त्यात दुसऱ्याच्या दुःखाची किती चित्रे आहेत, ती एकदा मोजून पाहावीत.